पंचवीस डिसेंबर आणि एक जून

‘त्या मॅडमना सांगा की. त्या इंग्लिश मीडियमच्या हायेत, त्यांना समदं ठावं असंल.’

खिचडीच्या मावशी हे सरांना हळू आवाजात म्हणाल्या होत्या, पण आमच्या शाळेत हळू आवाजाला जागाच नाही. दोन खोल्या, एक पडवी आणि पडवीच्या टोकाला स्वयंपाकाची शेड. मी पडवीतच चौथीच्या वह्या तपासत बसले होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं, तशी मी वहीत आणखी खाली वाकले. शाळेत असताना टीचर प्रश्न विचारायला उठल्या की मी हेच करायचे. तेविसाव्या वर्षीही मला याहून चांगला उपाय सापडलेला नव्हता.

‘वह्या झाल्या की जरा बोलू, मॅडम,’ सर म्हणाले.

ही शाळा बोरी बुद्रुकच्या शिवारात, गावापासून लांब एका वस्तीवर आहे. चौथीपर्यंतची. सर मुख्याध्यापक आणि शिक्षक दोन्ही होते, दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, आणि मी सरकारी योजनेतून सहा महिन्यांसाठी आलेली प्रशिक्षणार्थी. बी.एस्सी. झाल्यावर घरी बसण्यापेक्षा बरं, म्हणून पप्पांनी अर्ज भरायला लावला होता. रोज सकाळी नारायणगावहून वडापच्या जीपने यायचं, फाट्यावर उतरायचं, पुढे कांद्याच्या रानांमधून चालत शाळेपर्यंत. जीपमध्ये टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटना गुडघे टेकवून बसलं की कुणाशी बोलावं लागत नाही. मला तो प्रवास आवडायचा.

काम साधं होतं. चोवीस डिसेंबरला परिपाठात पाच मिनिटं नाताळची माहिती सांगायची. दरवर्षी सर फक्त ‘उद्या नाताळची सुट्टी’ एवढंच सांगायचे. या वर्षी पोरांनी विचारलं होतं, की सुट्टी कशाची? सरांनी उत्तर दिलं होतं, येशू ख्रिस्ताच्या जन्माची. तर दुसरीतल्या एकाने उठून विचारलं होतं, म्हणजे तो लाल टोपीवाला आजोबा जन्मला तवाची का?

‘तर हा सगळा घोळ जरा सोडवा,’ सर म्हणाले. ‘आणि धर्माचं नको. इतिहास सांगा. इतिहासाला कुणी काही म्हणत नाही.’

मी मान हलवली. मला वाटलं होतं, पाच मिनिटांचं तर काम आहे.

नारायणगावच्या माझ्या शाळेत मी बारा नाताळ पाहिले होते. स्टोअररूममधून प्लास्टिकचं झाड यायचं. त्याचा एक पाय मोडलेला होता, म्हणून खाली वीट लावायचे. मेडिकलमधून आणलेला कापूस आम्ही फांद्यांवर पसरायचो आणि त्याला बर्फ म्हणायचो. आमच्यातल्या कुणीही बर्फ पाहिलेला नव्हता. बर्फ म्हणजे आम्हाला रसवंतीतली लादी माहीत होती. सांताक्लॉज व्हायचे आमच्या व्हॅनचे अंकल. दाढी, डगला, सगळं बदललेलं असायचं, पण चपला त्यांच्याच. तिसरीपर्यंत मीसुद्धा त्या दुसरीतल्या पोरासारखंच समजत होते, की हा वाढदिवस सांताचा आहे आणि तो स्वतःच सगळ्यांना चॉकलेट वाटतो, जसं आम्ही वाटायचो. नंतर निबंध पाठ केला. दहा वाक्यांचा. पहिल्या वाक्यात तारीख, दुसऱ्यात येशूचा जन्म, शेवटच्या वाक्यात ‘मला हा सण खूप आवडतो’. दहापैकी दहा मिळायचे. त्या दहा वाक्यांच्या पलीकडे मला काहीच येत नाही, हे मात्र सरांनी काम दिल्यावर कळलं.

म्हणून फोनवर वाचायला लागले. जाताना जीपमध्ये, येताना जीपमध्ये, संध्याकाळी पप्पांच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात गल्ल्यामागे बसून. जितकं वाचत गेले तितकं हातातलं निसटत गेलं. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीखच नाही. महिना नाही, ऋतूसुद्धा नाही. पहिली दोन-तीनशे वर्षं त्याला मानणारे लोक त्याचा जन्मदिवस साजराच करत नव्हते. मग रोममध्ये कधीतरी पंचवीस डिसेंबर सुरू झाला. का, तर एक म्हणतो तिथे त्या दिवसांत सूर्याचा सण होता, तोच धरला. दुसरा म्हणतो नाही, मार्च महिन्यातला एक दिवस देवदूताने येशूच्या आईला ‘तुला मूल होईल’ असा निरोप दिल्याचा मानायचे, तिथून नऊ महिने मोजले. काही देशांतले लोक आजही जानेवारीत करतात. झाड जर्मनीकडचं. टोपीवाले आजोबा तुर्कस्तानातल्या एका दयाळू धर्मगुरूच्या गोष्टीतून आले, मग हॉलंडच्या लोकांबरोबर बोटीने अमेरिकेला गेले आणि तिथे जाडे झाले. मध्ये एकदा इंग्लंडमध्ये कडक शिस्तीच्या ख्रिस्ती लोकांनीच या सणावर बंदी घातली होती. ते वाचून मी फोन उलटा ठेवला. जे लोक हा सण करतात त्यांनीच तो बंद केला होता. हे दुसरीच्या मुलांना कसं सांगायचं?

जन्माची गोष्टसुद्धा एक नव्हती. बायबलमधल्या एका पुस्तकात मेंढपाळ येतात, दुसऱ्यात परदेशातले ज्ञानी लोक येतात; आमच्या शाळेच्या नाटकात दोघेही एकाच वेळी यायचे आणि स्टेजवर गर्दी व्हायची. मी एका वर्षी मेंढी होते. हात आणि गुडघे टेकून दहा मिनिटं. बोलायचं नव्हतं म्हणून मीच मागून घेतलं होतं. मेंजर हा शब्द मी तेव्हा शेकडो वेळा म्हटला असेन. बाळाला मेंजरमध्ये ठेवलं. मेंजर म्हणजे गव्हाण, हे मला त्या आठवड्यात शब्दकोशात बघून कळलं. आमच्या मामांच्या गोठ्यात गव्हाण आहे. मी तिच्यात बसून ऊस खाल्लेला आहे.

चौथीत एक मुलगी होती. तिचं अक्षर शाळेत सगळ्यात चांगलं, म्हणून फळ्यावर रोजची तारीख, वार आणि सुविचार लिहायचं काम तिच्याकडे. कुणाचा वाढदिवस असला की तेही तीच लिहायची. ‘आजचा वाढदिवस’, त्याच्याखाली नाव, भोवती रंगीत खडूची वेल. मग त्या मुलाला परिपाठात पुढे बोलवायचे, सगळे टाळ्या वाजवायचे, सर एक पेन द्यायचे आणि ते मूल लिमलेटच्या गोळ्या वाटायचं. मी आल्यापासून असे सात-आठ वाढदिवस झाले होते. सगळ्या वेली तिने काढल्या होत्या.

तिने मला ऑगस्टमध्येच विचारलं होतं. माझ्याजवळ येऊन नाही. दाराच्या चौकटीला पाठ टेकून, बाहेर बघत. ‘मॅडम, माजा कवा असतो?’

मी रजिस्टर काढून बघितलं. एक जून. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यो नव्हं. खरा.’

एक जूनचं प्रकरण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या पप्पांचा वाढदिवस एक जून, मोठ्या काकांचा एक जून, आमच्या गल्लीतल्या निम्म्या माणसांचा एक जून. घरी जन्म झाला, तारीख कुणी लिहिली नाही, सहा-सात वर्षांनी पोराला शाळेत घातलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, पेरणीच्या वक्ताला. गुरुजी एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, हिशेब बरोबर बसायचा. आताची मुलं दवाखान्यात जन्मतात, त्यांना दाखले असतात. ही एकच त्या वर्गात जुन्या पद्धतीची होती. तिचे वडील मेंढरं घेऊन फिरतात. त्या वर्षी आईही कळपाबरोबर होती, आणि ती वाटेवर कुठेतरी जन्मली. शाळेत घालताना दाखला नव्हता. आधीच्या गुरुजींनी एक जून लिहून टाकलं.

आणि एक जूनला शाळेला सुट्टी असते. चार वर्षांत तिचा वाढदिवस एकदाही आला नव्हता. पुढच्या वर्षी ती बोरीच्या मोठ्या शाळेत जाणार, तिथे वर्गात एवढी मुलं की कुणाचाच वाढदिवस करत नाहीत. हे तिने मला सांगितलं नाही. तिने फळ्यावर काढलेल्या वेली आणि तिची बोटांवर महिने मोजायची सवय यांवरून मी ते हळूहळू जोडलं. मी फार बोलत नाही, त्यामुळे बघायला वेळ मिळतो.

मी तेव्हा तिला नुसतं ‘बघते’ म्हणाले होते. मी आयुष्यात फार वेळा ‘बघते’ म्हटलेलं आहे.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी शाळा सुटल्यावर तिने माझ्या हातातला फोन बघितला. मी तेच वाचत होते. तिने विचारलं, ‘काय लिवलंय?’ मी म्हणाले, येशूचा जन्म नेमका कधी झाला ते कुणाला माहीत नाही, असं लिहिलंय. तिने दप्तर खांद्यावर अडकवलं. मग म्हणाली, ‘माज्या आयला म्हाईत असंल.’ मला आधी वाटलं, ती येशूबद्दल बोलते आहे. मग कळलं.

त्या दिवशी मी तिच्या घरी गेले. का गेले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. न बोलावता कुणाच्या घरी जाणं माझ्या स्वभावात नाही.

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि बाजूला जाळी लावून केलेलं कुंपण. आत पाच-सहा कोकरं होती. लांब चालता न येणारी लहान कोकरं मागे ठेवून वडील बाकीची मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात गेले होते. आई कोकराला बाटलीने दूध पाजत होती. मला बघून ती उठायला लागली, मी नको नको म्हणाले, ती तरी उठली, कोकरू ओरडायला लागलं. पाच मिनिटं नुसता गोंधळ. शेवटी मी कुंपणाशेजारच्या दगडावर बसले आणि ती पुन्हा खाली बसली.

‘आय, मी कवा जलमले ते सांग मॅडमला,’ मुलगी म्हणाली.

आईचा चेहरा बदलला. ‘दाखल्याचं काय निगालं का, मॅडम? बदलू नका बरं काय. आधार कार्डाला फेऱ्या मारून मारून आमच्या चपला झिजल्यात. आता एक जून समद्या कागदावर आलंय, राहू द्या तेच.’

मी म्हणाले, दाखल्याचं नाही. मग कशाचं, ते मला सांगता येईना. नाताळचं म्हणाले असते तर तिला आणखीनच कळलं नसतं. मी म्हणाले, ‘सहज.’

सहज म्हटल्यावर ती निवळली. ‘दिवाळी झाल्यावर आमी निगालो. ओतूरच्या पुढं एका पाटलाच्या कांद्याच्या रानात मेंढरं बसवली व्हती, खतासाठी. लई थंडी. पालाला वरून गोधडी टाकली तरी वारं आत. त्याच सांजंला काळी मेंढी व्यायली आन् मग मी. चंपाषष्ठी व्हायची व्हती अजून. त्याच रानात.’

मी मनात तारीख शोधायला लागले होते. चंपाषष्ठीच्या आधी म्हणजे कॅलेंडर काढून चार-पाच दिवसांपर्यंत येता येईल. तेवढ्यात मुलीने आईचा फोन उचलला आणि वडिलांना लावला. स्पीकरवर. पलीकडे वारा, घुंगरं आणि कुणाला तरी हाकलल्याचा आवाज.

‘कोण?’

‘तात्या, मी जलमले तवा मेंढरं कुटं व्हती?’

‘आँ? तवा व्हय. घाट उतारल्यावर. भाताच्या रिकाम्या खाचरात. का गं?’

‘काय बी सांगू नका,’ आई फोनकडे तोंड करून म्हणाली. ‘ओतूरला व्हती.’

‘ओतूरला कुटं? मी सवता ठाकराच्या वस्तीवर गेलतो सुईण म्हातारीला बोलवायला. ओतूरला ठाकराची वस्ती हाय का?’

‘म्हातारी पाटलाच्या घरची व्हती.’

‘तुला काय ठावं? तू कळा देत व्हतीस.’

‘मग मला ठावं नसंल तर कुणाला असंल?’

फोनमधून हसण्याचा आवाज आला. ‘बरं राव, तू म्हनशील तसं. पण चंपाषष्ठी व्हऊन गेलती. तळी भरली व्हती आमी घाटाच्या वर, भंडारा माज्या टोपीला तसाच व्हता.’

‘मेंढी कंची व्यायली व्हती?’ आईने विचारलं, परीक्षा घेतल्यासारखं.

‘काळी. कान तुटकी.’

‘बघा,’ आई मला म्हणाली. जणू यात तिचंच म्हणणं सिद्ध झालं होतं.

मी दगडावर बसून होते. दोघेही तिथे होते. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. मेंढी एकच होती, आणि ती कान तुटकी होती यावर वाद नव्हता. पण त्या मेंढीच्या खाली एकाचं कांद्याचं रान होतं आणि दुसऱ्याची भाताची खाचरं, मध्ये अख्खा घाट आणि कदाचित पंधरा-वीस दिवस. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आणि तिची ही अवस्था. मी त्या आठवड्यात दोन हजार वर्षांपूर्वीची तारीख शोधत होते.

मला फाट्यावर सोडायला मुलगी थोडी पुढे आली. ती म्हणाली, ‘दोन दिस झाले तरी मला चालत्याल.’ मी तिच्याकडे बघितलं. ती विनोद करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारायचं ठरवलं. सकाळपासून तीनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि तीनदा खडू घेऊन परत आले. चौथ्यांदा त्यांनीच विचारलं, ‘मॅडम, खडूचा काय कारखाना काढलाय का?’ मग मी सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. घाबरले की माझं असं होतं. त्या मुलीचा वाढदिवस या दिवसांत कधीतरी असतो, तर एखाद्या दिवशी करता येईल का.

सरांनी चष्मा काढला. ‘कधीतरी म्हणजे कधी?’

‘ते नक्की नाही.’

‘मग रजिस्टरला नक्की आहे ते धरायचं. आज हिचा केला तर उद्या दुसरं कुणी येईल, माझा दिवाळीत करा म्हणून. आणि माझा स्वतःचा एक जून आहे, मॅडम. रिटायरसुद्धा एकतीस मेला होणार मी, सगळे एक जूनवाले तसेच होतात. आईला विचारलं तर ती म्हणायची, नदीला मोठा पूर आला त्या साली. आम्हाला कुणी टाळ्या वाजवल्या का?’ ते हसत होते. मग चष्मा पुन्हा लावून म्हणाले, ‘ते राहू द्या. तुमच्या नाताळचं कुठवर आलं?’

मी म्हणाले, झालंय. झालेलं काहीच नव्हतं.

चोवीस तारखेला थंडी होती. मुलं पडवीत उन्हाच्या पट्ट्यात सरकून सरकून बसली होती. त्या मुलीने नेहमीप्रमाणे फळ्यावर तारीख लिहिली. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, सर म्हणाले, ‘आता मॅडम आपल्याला नाताळचा इतिहास सांगतील.’ मावशीही तांदूळ निवडायचं ताट घेऊन शेडच्या दारात येऊन बसल्या.

मी चिठ्ठीवर मुद्दे लिहून आणले होते. चिठ्ठी उघडली आणि ते सगळे इंग्रजीत लिहिलेले दिसले. मी चिठ्ठी मिटली.

गोष्टीपासून सुरुवात केली. एका बाईला दिवस भरलेले, सरकारने नावं नोंदवायला दुसऱ्या गावी बोलावलेलं, राहायला जागा मिळाली नाही, बाळ झालं तेव्हा त्याला गव्हाणीत ठेवलं.

‘बाळंतिणीला कुणी खाट दिली न्हाई?’ मावशींनी विचारलं.

‘तसं लिहिलेलं नाही,’ मी म्हणाले.

‘काय गाव म्हनायचं त्ये,’ मावशी ताटात बघत म्हणाल्या.

मग मी मेंढपाळ आले ते सांगितलं. तिथे घरी मेंढरं असलेली चार-पाच मुलं ताठ बसली. एकाने विचारलं, मेंढरं कुणापाशी सोडली? मी म्हणाले, ते लिहिलेलं नाही. दुसरा म्हणाला, थंडीचं मेंढरं उघड्यावर कशी बसवली, तिकडं तर बर्फ असतो. मी म्हणाले, तिथे चित्रातल्यासारखा बर्फ नसतो, आणि थंडीच होती की नाही हेही माहीत नाही, कारण तारीखच कुणी लिहून ठेवलेली नाही.

‘मग पंचवीस तारीख कुणी टाकली?’

मला वाटलं होतं तेवढं हे कठीण गेलं नाही. मी सांगितलं की तीनशे-साडेतीनशे वर्षं गेल्यावर रोम नावाच्या शहरातल्या लोकांनी ती धरली. त्या दिवसांत तिथे सूर्याचा सण असायचा, कारण सगळ्यात लहान दिवस संपून दिवस मोठा व्हायला लागतो. ‘संक्रांतीवानी,’ कुणीतरी म्हणालं. ‘तीळतीळ वाढतो.’ हो, मी म्हणाले, तसंच. पण काही अभ्यासक म्हणतात सूर्यामुळे नाही, नऊ महिने मोजले म्हणून. आणि काही ठिकाणी तो जानेवारीत करतात.

चौथीतला शेवटच्या रांगेतला मुलगा मांडी बदलत म्हणाला, ‘म्हंजी शाळंत घालताना टाकली. एक जूनवानी.’

सगळी पडवी हसली. सरही हसले. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले असते, पण मला ते इतकं बरोबर वाटलं की मी तोंड उघडं ठेवून उभीच राहिले. मी सगळा आठवडा फोनवर जे वाचलं होतं ते त्या मुलाने मांडी बदलता बदलता सांगून टाकलं होतं.

‘बरोबर,’ मी म्हणाले. ‘जवळजवळ तसंच.’

मग लाल टोपीवाल्या आजोबांचं सांगितलं, तो वाढदिवस त्यांचा नाही हे सांगितलं. दुसरीतला पोरगा नाराज झाला. झाडाचं सांगायचं राहून गेलं. सर घड्याळ बघायला लागले होते. मी संपवणार, तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली. ती कधी प्रश्न विचारत नाही.

‘मॅडम, ती तारीख खरी न्हाई हे त्यांना म्हाईत हाय?’

‘कुणाला?’

‘जे नाताळ करत्यात त्यांना.’

मी विचार केला. ‘बऱ्याच जणांना माहीत असतं.’

‘तरी करत्यात?’

‘करतात.’

‘समद्या जगात?’

‘बऱ्याच जगात.’

‘सुट्टी बी देत्यात.’

‘हो.’

‘मग एक जूनवाल्यांचा का न्हाई करत?’

‘एक जूनला शाळा नस्ती म्हणून,’ शेवटच्या रांगेतून उत्तर आलं. पुन्हा हशा झाला. ती बसली नाही. तिने वळून त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि एवढा वेळ कुणी माझ्याकडे बघितलं की मी नजर खाली घालते. घातली. खाली फरशीवर माझ्या चपलांना कांद्याच्या रानातली माती लागलेली होती.

‘बस खाली,’ सर म्हणाले. रागाने नाही. ‘मॅडमनी छान माहिती सांगितली. टाळ्या.’

मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली आणि मग बसली. तिने पाटी मांडीवर घेतली. मला एवढंच दिसलं, की ती आता परत विचारणार नाही. मला नाही, आणि पुढे कुणालाच नाही. मी ओळखते ते बसणं. सहावीत एकदा माझ्या प्रश्नावर वर्ग हसला होता, त्यानंतर मी शाळा संपेपर्यंत हात वर केला नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा काय काय चाललं होतं ते मी मागाहून पुष्कळदा मांडून पाहिलं. ओतूर की घाटाखाली, चंपाषष्ठीच्या आधी की नंतर, रजिस्टर, आधार कार्ड, झिजलेल्या चपला, सरांची आई आणि पूर. चोवीस तारीख आईच्या हिशेबात बसत नव्हती आणि वडिलांच्याही बसते की नाही, मी बघितलेलं नव्हतं. सरांनी आधीच नाही म्हटलेलं होतं. मी सहा महिन्यांची पाहुणी, त्यांचं ऐकणं माझं काम होतं. आणि शिक्षकाने मुलांसमोर न तपासलेली गोष्ट सांगू नये, एवढं तर मलाही कळत होतं. आत्ता पाच मिनिटं उभं राहून मी त्याच विषयावर बोलले होते. मी जे बोलणार होते ते खरं होतं की खोटं, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही कुणी विचारलं तर मी गोंधळते.

सर पुढची सूचना द्यायला उठले होते. मुलं कुजबुजत होती. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा आला; मावशींचे हात ताटातच थांबले.

‘सर, थांबा,’ मी म्हणाले. ‘आज हिचा वाढदिवस आहे.’